'मोजलं नाही' असं लिहायला जागा हवी

आरोग्यशाखेचा कुठलाही अभ्यासक्रम घ्या, वैद्यकीचा, नर्सिंगचा, फिजिओथेरपीचा की फार्मसीचा. विद्यार्थ्यांचं गैरवर्तन म्हटलं की पहिली आठवते ती परीक्षेतली कॉपी. नियमावलीची पानंही तिच्यावरच खर्ची पडलेली असतात. मोबाइल कुठे ठेवायचा, चिठ्ठी सापडली तर ती जप्त कुणी करायची, पर्यवेक्षकाने कुठे सही करायची, सगळं तपशीलवार. वॉर्डातल्या तक्त्यावर श्वसनाच्या रकान्यात न मोजता लिहिलेला '१८' मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो.

हा क्रमच मला उलटा वाटतो. कॉपी करून पास झालेला विद्यार्थी पुढे कधीतरी रुग्णाला महागात पडू शकतो. न मोजता लिहिलेला आकडा त्याच रात्री पडतो. आणि असे आकडे लिहायची सवय पुष्कळदा शिकवणारेच लावतात, कारण तक्त्यात, लॉगबुकात, हजेरीपटावर 'केलं नाही' असं लिहायची सोयच ठेवलेली नसते. रकाना रिकामा दिसला की ओरडा बसतो, भरलेला दिसला की सही मिळते. मग रकाना भरला जातो.

श्वसनाचा दर हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. नाडीसाठी मनगट धरावं लागतं, रक्तदाबासाठी पट्टा बांधावा लागतो, तापासाठी थर्मामीटर हवा. श्वास मोजायला घड्याळाशिवाय काहीच लागत नाही, फक्त एक मिनिट रुग्णाच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं. नेमकं तेच टाळलं जातं आणि तक्त्यात ओळीने १८, १८, २०, १८ येतात. तिसऱ्या खाटेवरचा न्यूमोनियाचा रुग्ण आणि सातव्या खाटेवरचा उद्या घरी जाणारा रुग्ण, दोघेही १८.

तक्ता नीट वाचला तर बरंच कळतं. ३० सेकंद मोजून दुप्पट केली की उत्तर नेहमी सम संख्या येतं. १५ सेकंद मोजून चौपट केली की चारच्या पाढ्यातलं येतं: १२, १६, २०, २४. या दुसऱ्या पद्धतीत एक श्वास इकडेतिकडे झाला की मिनिटाला ४ चा फरक पडतो, म्हणून श्वसनासाठी ती मुळातच नको. पूर्ण ६० सेकंद मोजावेत, आणि नाडीवरची बोटं न काढता मोजावेत. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की रुग्ण नकळत तो बदलतो. हाताने फुगवायच्या रक्तदाबयंत्रावरच्या खुणा २ मिलिमीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे त्यावर १२७/८३ असं वाचन व्हायलाच नको. तो आकडा डिजिटल यंत्रावरचा असतो, दोन खुणांमधला अंदाज असतो, नाहीतर डोक्यातला. उलट १२०/८०, ११०/७०, १३०/८० असे सगळेच आकडे शून्यावर संपत असतील तर निदान आकडे जवळच्या दहावर नेऊन बसवणं तरी चालू आहे. काळजीपूर्वक घेतलेल्या मापांत ०, २, ४, ६, ८ हे शेवटचे अंक साधारण सारख्याच वेळा, म्हणजे प्रत्येकी २० टक्क्यांच्या आसपास, यायला हवेत. एका विद्यार्थ्याच्या दहाबारा नोंदींवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. शंभरएक नोंदी शेजारी ठेवल्या तर कुठे बघायचं ते समजतं, एवढंच.

अशा न मोजलेल्या श्वसनदराने बिघडतं काय? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली 'न्यूज-२' ही धोक्याची सूचना देणारी गुणपद्धत बघा. मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा त्याहून जास्तला ३. एकाच निकषावर ३ गुण झाले तरी डॉक्टरने तातडीने येऊन बघावं, असा तिचा संकेत आहे. म्हणजे खरा दर २६ असताना १८ लिहिला की तीन गुण गायब, आणि त्यांच्यासोबत येणारा फोनही गायब. बाकी रक्तदाब, ताप ठीक दिसत असतात, कारण तब्येत ढासळताना श्वसनाचा दर पुष्कळदा त्यांच्या आधी वाढतो. न मोजलेला आकडा इथे मोकळ्या जागेपेक्षा वाईट असतो. मोकळी जागा पुढच्या पाळीतल्या माणसाला विचारायला लावते. १८ त्याला निर्धास्त करतो.

याच जातीची आणखी पुष्कळ कामं वॉर्डात होतात. औषध देण्याआधीच औषधतक्त्यावर सही करून ठेवणं. लघवीचं माप न घेता 'पुरेशी' लिहिणं. संगणकावर कालची तपासणी चिकटवून आजची तारीख टाकणं, त्यामुळे सकाळी पाय कापलेल्या रुग्णाच्या दुपारच्या नोंदीत 'दोन्ही पायांच्या नाड्या व्यवस्थित' असं छापून येणं. न विचारलेला पूर्वेतिहास 'विशेष काही नाही' म्हणून लिहून मोकळं होणं. या शेवटच्याला तर आपण गैरवर्तन मानतच नाही, घाई म्हणतो.

अशी खोटी नोंद सापडली तर पहिलं काम विद्यार्थ्याला बोलावणं नव्हे. पहिलं काम त्या रुग्णाकडे जाऊन माप पुन्हा घेणं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला व नर्सला खरा आकडा सांगणं. दुसरं, जुनी नोंद खोडरबरने, व्हाइटनरने किंवा पान फाडून काढायची नाही. तिच्यावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी योग्य आकडा, तारीख, वेळ, सही. संगणकावर असेल तर दुरुस्तीची वेगळी नोंद, मूळ तशीच ठेवून. आधीच्या वेळेचं माप आता मिळणार नसतं, तेव्हा तिथे सरळ 'त्या वेळी मोजलेले नाही' असं लिहायचं. चांगल्या हेतूने कागद साफ करणारे शिक्षक एका खोट्या नोंदीच्या दोन करतात, आणि पुढे चौकशी झालीच तर दुसरी त्यांच्या नावावर असते.

लॉगबुकाचं दुखणं वेगळं, मूळ तेच. एखाद्या पोस्टिंगमध्ये अमुक प्रक्रिया २० वेळा केल्याची नोंद हवी, आणि त्या चार आठवड्यांत वॉर्डात तशा ८ च झाल्या, त्याही सहा विद्यार्थ्यांमध्ये वाटून. गणित जमणारच नाही हे कागद काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग शेवटच्या दिवशी एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात २० ओळी भरल्या जातात आणि शिक्षक न वाचता २० सह्या करतात. यात खोटं बोललं कोण? माझ्या लेखी दोघंही, आणि शिक्षक आधी. उपाय अवघड नाही. अपेक्षित संख्या वॉर्डात प्रत्यक्ष होणाऱ्या प्रक्रियांच्या हिशोबाने ठरवा. 'पाहिली', 'मदत केली', 'देखरेखीखाली केली', 'संधी मिळाली नाही' असे चार रकाने ठेवा, आणि चौथ्यासाठी गुण कापू नका. सही त्याच दिवशी, फार तर ४८ तासांत. दर महिन्याला प्रत्येकाच्या दोन नोंदी चिठ्ठी टाकून निवडायच्या आणि त्या रुग्णाच्या कागदांशी ताडून बघायच्या. असं ताडून बघतात, एवढं कळलं तरी बऱ्याच नोंदी सुधारतात.

विद्यार्थी स्वतःची समजूत कशी घालतात, यासाठी ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारीबद्दल १९५७ मध्ये केलेली मांडणी अजून चपखल बसते. वेळच नव्हता, माझा इलाज नव्हता. कुणाचं काय बिघडलं? त्या रुग्णाला कुठे कळणार आहे? सीनियर तरी कुठे मोजतात? मित्राची हजेरी लावली नसती तर त्याचं वर्ष गेलं असतं. पाचही सबबी कॅन्टीनमध्ये पंधरा मिनिटं बसलात तर ऐकू येतील. त्यातली चौथी सगळ्यात जड, कारण ती बऱ्याचदा खरी असते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सहा वैद्यकीय महाविद्यालयांच्या वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांची एक पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली काही नीतितत्त्वं शिक्षणाच्या काळात झिजली किंवा गेली, असं त्यातल्या ६२ टक्क्यांनी सांगितलं. वर्गात नीतिशास्त्राचं व्याख्यान आणि वॉर्डात 'लिही रे काहीतरी' हे एकाच आठवड्यात ऐकलं की विद्यार्थी वॉर्डातलं धरतो.

आता परीक्षा. तिथे अडचण सापडण्याची नाही, सापडलेल्याचा अर्थ लावण्याची आहे. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं जुळली तर त्यात काही नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. चूक उत्तरं जुळली, तीही त्याच चुकीच्या पर्यायावर, तर लक्ष द्यावं. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या हार्प आणि होगन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात यासाठी सोपं गुणोत्तर सुचवलं: दोघांच्या हुबेहूब जुळणाऱ्या चुकांची संख्या भागिले दोघांची उत्तरं जिथे वेगळी आहेत अशा प्रश्नांची संख्या. उत्तर १ किंवा जास्त आलं तर जोडी संशयास्पद. समजा १०० प्रश्नांत दोघांच्या १८ चुका त्याच पर्यायावर जुळल्या आणि फक्त ५ प्रश्नांत उत्तरं वेगळी आहेत, गुणोत्तर ३.६. तरीही निकाल द्यायची घाई नको. बसायचा नकाशा काढा. दोघं हॉलच्या दोन टोकांना असतील तर दोघांनी एकाच चुकीच्या नोट्सवरून अभ्यास केला का, ते बघा. जुळलेल्या चुकांपैकी किती अशा आहेत की अर्ध्या वर्गाने तोच पर्याय निवडलाय? त्या वगळून गणित पुन्हा मांडा. दोघांकडेही गुण चांगले असतील तर चुकाच इतक्या थोड्या असतात की हे गुणोत्तर लावण्यात अर्थ राहत नाही.

संगणकावरच्या खुणांना पुरावा मानण्याआधी अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२१ मध्ये काय झालं ते वाचावं. पुस्तक न बघता द्यायच्या ऑनलाइन परीक्षेच्या वेळी अभ्यासाची पानं उघडली, असा आरोप १७ विद्यार्थ्यांवर झाला. आधार होता 'कॅनव्हास' या शिक्षणप्रणालीतल्या नोंदींचा. पण एखाद्याचा फोन किंवा टॅब बाजूला पडून असेल आणि त्यावर ते पान आधीच उघडं असेल, तर तो माणसाने हात न लावताही सर्व्हरला विचारणा पाठवत राहतो, आणि ती नोंदीत माणसाच्या भेटीसारखीच दिसू शकते. त्या वर्षी जूनमध्ये सगळे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली. मधल्या काळात ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांचे महिने परत आले नाहीत. अशी नोंद पुढे आली की तीन प्रश्न विचारायचे: ज्या विषयाचं पान उघडलं त्याचाच प्रश्न त्या क्षणी समोर होता का, विचारणा ठरावीक अंतराने आपोआप आल्यासारख्या दिसतात का, आणि त्या वेळी त्या खात्यात किती उपकरणं चालू होती.

मजकूर जुळवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. ३० टक्के साम्य म्हणजे ३० टक्के चोरी नव्हे. संदर्भसूची, संमतीपत्राचा ठरलेला मसुदा, प्रश्नावली यांतच पंधरावीस टक्के निघतात. उलट ६ टक्के साम्य असलेल्या प्रबंधात ते सहाच्या सहा टक्के निष्कर्षाच्या एका परिच्छेदात असतील तर प्रकरण गंभीर. एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या साधनांवर तर एकट्यावर भिस्त ठेवूच नये. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध २०२३ मधल्या एका अभ्यासात अशा सात साधनांना दाखवले, तेव्हा सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. त्यापेक्षा विद्यार्थ्याला समोर बसवा, त्याच्याच लेखनातले दोन संदर्भ काढून ते कशाबद्दल आहेत ते विचारा. अस्तित्वातच नसलेला शोधनिबंध पाच मिनिटांत उघडा पडतो.

अर्जांतली लबाडी मात्र जितकी तपासायला हवी तितकी तपासली जात नाही. निवासी डॉक्टरच्या जागांसाठी आलेले ४,९७५ निबंध अमेरिकेतल्या एका अभ्यासात तपासले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ५.२ टक्के निबंधांत उचलेगिरी आढळली. 'मी वैद्यकीकडे का वळलो' हेही दुसऱ्याचंच.

विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधनप्रकल्पांत बनवलेली माहिती हा तर उघडं गुपित असलेला प्रकार. १०० प्रश्नावल्या भरायच्या होत्या, ४० भरल्या, उरलेल्या ६० खोलीवर बसून. ओळखायचं कसं? सुट्टीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असताना पडलेल्या तारखा, एकाच तासात वीस मुलाखती, एकही 'माहीत नाही' किंवा अर्धवट सोडलेला प्रश्न नसणं, आणि सगळ्यांचं वजन ५ च्या पाढ्यात. खरी माहिती थोडी ओबडधोबड असते.

सगळ्या गैरवर्तनाला एकच फूटपट्टी लावू नये, हे सांगायला नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये केलेली विभागणी कामाची आहे. त्यांनी चार गट पाडले: कामात लक्ष नसणं, अप्रामाणिकपणा, इतरांशी वागण्यातला दोष, आणि स्वतःच्या वागण्याचं भान नसणं. उशिरा येणारा, खोटं लिहिणारा, रुग्णावर खेकसणारा आणि चूक दाखवली की वाद घालणारा हे चौघं निराळे. पहिल्यामागे आजारपण, नैराश्य, व्यसन किंवा घरची अडचण असू शकते. तिथे आधी आरोग्याची वाट, मग शिस्तीची. चौथा बहुतेक संस्थांत सुटतो, कारण त्याने एकही नियम मोडलेला नसतो.

चौकशीची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण चुका इथेच होतात. ज्याने पाहिलं त्याने २४ तासांत लिहून द्यायचं, विशेषणं न लावता: 'निष्काळजी आहे' असं नको, '७ वाजताच्या नोंदीत श्वसनदर १८, मी ७ वाजून १० मिनिटांनी मोजला तेव्हा २६' असं. मूळ कागदाची प्रत त्याच वेळी काढायची. विद्यार्थ्याला आरोप लेखी, नेमका आणि पुराव्याच्या प्रतींसह द्यायचा, आणि उत्तराला निदान आठवडा. सोबत कुणाला तरी आणायची मुभा. ज्याने तक्रार केली किंवा चौकशी केली तो निर्णय देणाऱ्यांत नसावा; छोट्या विभागांत हे हमखास मोडतं आणि अपिलात सगळं कोसळतं. 'संशयापलीकडे सिद्ध' हा फौजदारी निकष इथे लागत नाही, घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का हे बघतात; पण शिक्षा जितकी जड तितका पुरावा भक्कम हवा. दबावाखाली लिहून घेतलेला माफीनामा पुरावा म्हणून शून्य किमतीचा. आणि स्वतःहून येऊन 'मी मोजलं नव्हतं' म्हणणाऱ्याला पकडल्या गेलेल्याइतकीच शिक्षा दिलीत, तर पुढचा कुणी येणार नाही.

पहिल्या, किरकोळ प्रसंगाला समितीची गरज नसते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉक्टरांसाठी बसवलेल्या पायऱ्यांत सगळ्यात खालची पायरी कॉफी पितापिता केलेल्या बोलण्याची आहे: काय दिसलं ते सांगायचं, त्याची बाजू ऐकायची, उपदेश न करता उठायचं. पुन्हा घडलं की लेखी जाणीव, मग वरिष्ठांची देखरेख, मग शिस्तीची कारवाई. रुग्णाला थेट इजा झाली असेल किंवा खोटेपणा ठरवून केलेला असेल, तर खालच्या पायऱ्या गाळायच्या.

नोंदी ठेवायच्या तरी कशाला, यावर आकडे आहेत. मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांची तुलना केली. राज्य परवाना मंडळांनी पुढे कारवाई केलेले २३५ डॉक्टर आणि तशी कारवाई न झालेले ४६९. विद्यार्थीदशेत गैरवर्तनाची नोंद पहिल्या गटात ३९ टक्क्यांची होती, दुसऱ्यात १९ टक्क्यांची. सगळ्यात ठळक संबंध होता तो तीव्र बेजबाबदारपणाचा, म्हणजे कामाला न येणं, रुग्णाचं अर्धवट काम पुरं न करणं. त्यापाठोपाठ टीका ऐकून न सुधारण्याचा. पण आकडे उलटे वाचायला विसरू नका. कारवाई झालेल्यांपैकी ६१ टक्क्यांच्या नावावर कॉलेजात काहीच नव्हतं, आणि नाव खराब असलेल्या बहुतेकांवर पुढे कधीच कारवाई होत नाही. एका विद्यार्थ्याचं भविष्य यातून सांगता येत नाही.

म्हणूनच पुढच्या पोस्टिंगच्या शिक्षकाला आधीचं प्रकरण सांगावं का, हा वाद मिटलेला नाही. सांगितलं तर तो विद्यार्थी वॉर्डात पाऊल टाकायच्या आधीच दोषी. नाही सांगितलं तर प्रत्येक विभागाला तो 'पहिलाच प्रसंग' वाटतो आणि चार वर्षांत चार पहिले प्रसंग जमतात. मला पटणारी व्यवस्था अशी: नोंदी एकाच व्यक्तीकडे, जी त्या विद्यार्थ्याची परीक्षक नाही. पुढच्या विभागाला नाव कळवायचं नाही. त्याच प्रकारची दुसरी नोंद आली की दोन्ही कागद एकत्र समितीपुढे जातात, आणि ते तसे जाणार हे विद्यार्थ्याला पहिल्या नोंदीच्या वेळीच लेखी कळवून त्याची पोच घेतलेली असते.